हळद शिजताना पाण्याचं काय होतं

या दिवसांत माझी बोटं पिवळी असायला हवीत. माघ संपत आला की प्रयोगशाळेत हातमोजे घालताना मी नकळत थांबते आणि हातांकडे बघते. नखं स्वच्छ असतात, बोटं स्वच्छ असतात. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

काल चुलतभावाचा फोन आला. गावाकडे हळद शिजवायला सुरुवात झाली म्हणाला. आता वाफेवरचे कुकर आलेत, ट्रॅक्टरला जोडून वावरात आणतात, सकाळी लागलं की दुपारपर्यंत काम उरकतं. "तुझ्या त्या कढया गेल्या बघ आता," तो म्हणाला. माझ्या कशा, असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही. एका वर्षापुरत्या त्या खरंच माझ्या झाल्या होत्या. त्या एका सुगीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे. मला नीट जमेल की नाही माहीत नाही. आजवर मी जे लिहिलं ते बहुतेक आकड्यांचं आणि इंग्रजीत.

आमचं गाव हिंगोलीकडच्या जवळा बाजारपासून चालत तासाभरावर. कालव्याचं पाणी आलं तेव्हापासून आमच्याकडे हळद आली. हळदीचा पाला वाळला की तो कापायचा, कुदळीने कंद खणून काढायचे, बायकांनी बसून त्यांची मोडणी करायची. मधला गोल गड्डा एका ढिगात, त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडं दुसऱ्या ढिगात. मग शिजवणं. वावरातच चर खणून चूल करायची, तीवर लोखंडी कढई, कढईत हळद, वर हळदीचा पाला आणि ओलं गोणपाट, खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. शिजणाऱ्या हळदीचा वास स्वयंपाकघरातल्या हळदीसारखा नसतो. त्यात ओली माती असते, थोडा कापूर असतो, आणि कोवळा आंबा चिरल्यावर येतो तसा एक हिरवा दर्प असतो. तो कपड्यांत बसतो, वह्यांत बसतो. आमच्या कुत्र्याचे पायसुद्धा महिनाभर पिवळे असायचे.

परीक्षाही नेमक्या त्याच दिवसांत. बारावीच्या पहिल्या पेपरला पर्यवेक्षकांनी माझी उत्तरपत्रिका उचलून बघितली. कडेला पिवळे ठसे उमटले होते.

"काय गं, घरी लग्न आहे का?"

"नाही सर. हळद शिजवणं चालू आहे."

ते हसले आणि उत्तरपत्रिका हळूच परत ठेवली. मी लाजले होते. मी आमच्या घरातली बारावीला बसलेली पहिली, आणि वर विज्ञान शाखेला. लाजणं मला फार सोपं जायचं. अजूनही जातं.

आमची हळद शिजवायला दर साली थावराकाका आणि धुरपताकाकी यायचे. साखऱ्याच्या बाजूला त्यांचा तांडा. काकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. काकांची स्वतःची थोडी कोरडवाहू जमीन होती, ती उरकली की दोन कढया गाडीत घालून दोघं नवराबायको हळदीच्या गावांना निघत. एक कढई काकांची, एक काकीची. शेजारी शेजारी दोन चुली लागत आणि दिवसभर दोघांचं एकमेकांना टोचून बोलणं चालू असे. मला जाळाजवळ पुस्तक घेऊन बसायची सवय होती. काकी म्हणायची, "काय गं रेखे, पुस्तक वाचून राहिली का जाळ बघून राहिली? दोन्ही एकदाच करशील तर पुस्तक शिजंल आन हळद कच्ची राहील."

माझ्या बारावीच्याच वर्षी, पेपरांच्या मधल्या सुट्टीत, हौदावर हातपाय धुताना काकीने माझा हात धरला आणि स्वतःच्या काचोळीखाली छातीच्या कडेला टेकवला. तिथे काहीतरी टणक होतं, कच्च्या लिंबाएवढं.

"बघ बरं काय हाय. तू सायन्सची हायेस."

"दुखतं का?"

"दुखत न्हाई, म्हनून तर तुला सांगून राहिले. दुखलं असतं तर हळद लावली असती." मग आवाज खाली करून म्हणाली, "कोनाला सांगू नको. सुगी उरकू दे."

मला काही कळत नव्हतं. सायन्सची म्हणजे मला प्रकाशाचं परावर्तन येत होतं. मी आठ दिवस गप्प राहिले, भौतिकशास्त्राचा पेपर होईपर्यंत, आणि मग मायला सांगितलं. आठ दिवसांनी काही बिघडत नाही असं पुढे मला डॉक्टरांनीच समजावलं. तरी ते आठ दिवस माझ्या मनातून गेले नाहीत. काकीने मात्र त्याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

तिला औरंगाबादला नेलं. गाठ मोठी होती, म्हणून आधी औषध देऊन ती लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया, असं ठरलं. सहा वेळा सलाईनमधून औषध. ती त्याला सुई म्हणायची. दर तीन आठवड्यांनी एक सुई, आणि दर सुईनंतर तीन दिवस ती उठू शकत नसे. केस गेले. केसांत अडकवायच्या चांदीच्या घुगऱ्या तिने एका फडक्यात बांधून ठेवल्या. सहा सुया झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हे औषध गाठीला लागू पडलेलं नाही, आता दुसरं द्यावं लागेल. त्यांचाही इलाज नव्हता. तेव्हा औषध लागू पडतंय की नाही हे हाताने चाचपून आणि टेपने मोजूनच ठरायचं. गाठ लहान व्हायला लागलीच तर ते हाताला कळायला महिने जातात. दुसरं औषध लागू पडलं. शस्त्रक्रिया झाली. काकी बरी झाली, पुढच्या नाही पण त्याच्या पुढच्या साली कढई घेऊन आली. डोक्याला फडकं बांधलेलं, त्याखाली बोटभर नवे पांढरे केस.

त्या सहा सुयांचं मी तेव्हा काही मनावर घेतलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी फक्त शिकत राहिले. हिंगोलीला पदवी, मग औरंगाबादला एम.एस्सी., आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून भरलेल्या एका अर्जामुळे पुण्याला, एका रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत. काम होतं एमआरआयच्या नव्या पद्धती तयार करण्याचं, कर्करोगाच्या संशोधनासाठी. मुलाखतीच्या दिवसापर्यंत मी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ते यंत्र म्हणजे एक मोठं पोकळ चुंबक. आपल्या अंगात पाणी आहे, आणि पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक एखाद्या बारीक चुंबकासारखं वागतं. माणसाला त्या मोठ्या चुंबकात ठेवायचं, रेडिओलहरींनी ती केंद्रकं जरा हलवायची, आणि परत जागेवर येताना ती जो बारीक इशारा देतात त्यातून आतलं चित्र काढायचं. मला त्यातलं सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर हे, की सगळा खेळ पाण्याचा आहे.

माझ्या वाट्याला जी पद्धत आली ती पाण्याच्या हिंडण्याची होती. पाण्याचा कण कधी एका जागी बसत नाही. पण किती लांब जाऊ शकेल हे भोवतालच्या गर्दीवर असतं. हे मी गावी आबांना सांगितलं तेव्हा जवळा बाजारचं उदाहरण दिलं. आबा म्हणजे माझे वडील. बाजाराच्या दिवशी भर दुपारी मिरचीवाल्यांपासून भांडेवाल्यांपर्यंत जायला पाव तास लागतो. संध्याकाळी पालं उठली की तेच अंतर मिनिटाभराचं. कर्करोगाच्या गाठीत पेशींची अशी दुपारची दाटी असते, तिथे पाणी अडून राहतं. औषध लागू पडलं की पेशींच्या भिंती मोडतात, पालं उठतात, आणि पाणी मोकळं हिंडायला लागतं. आणि हे गाठ लहान होण्याच्या बरंच आधी होतं. म्हणजे पाण्याचं हिंडणं नेमकं मोजता आलं, तर औषध लागू पडतंय की नाही हे दुसऱ्या सुईपर्यंतच कळू शकेल.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मोजता येतंय का?"

तोच तर प्रश्न होता. तत्त्व आम्ही शोधलेलं नव्हतं, ते जगाला माहीत होतं. आमच्या यंत्रावर, आमच्या रुग्णांसाठी ते भरवशाचं करायचं होतं. किती चित्रं घ्यायची, किती वेळात, चुंबकाचं बळ कुठल्या क्रमाने कमी-जास्त करायचं, आलेल्या आकड्यांचा हिशोब कसा मांडायचा. आणि रुग्णाला हात लावण्याआधी ती पद्धत अशा वस्तूवर तपासायची, जिच्यात भिंती आहेत आणि त्या आपल्याला हव्या तेव्हा मोडता येतात. चायना ग्रासच्या जेलीचे गोळे करून सगळे तपासत, पण चायना ग्रासला भिंती नसतात.

फेब्रुवारी होता. आबांनी कुणाच्या तरी हाती ओल्या हळदीची पिशवी पाठवली होती. हॉस्टेलच्या खोलीत एक हळकुंड आडवं चिरलं आणि बघत राहिले. आत कडं, कड्याच्या आत गाभा. हळद शिजवणं म्हणजे या भिंती मोडणंच की, असं मनात आलं. दोन दिवस ते कुणाला सांगायचा धीर झाला नाही. आठवड्याच्या बैठकीत सगळे उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, हळद चालेल का?"

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला सर्दी झालीय?"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग हसत हसतच, अडखळत, सगळं सांगितलं. मॅडम परत खाली बसल्या. पूर्ण ऐकून म्हणाल्या, "रविवारी सकाळी मशीन आपल्याकडे असतं. घेऊन ये."

मशीन कुलकर्णी चालवायचे. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्या यंत्राला रुग्णाची माहिती भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"नाव?" कुलकर्णींनी विचारलं.

"हळद."

"वय?"

मी लागवडीपासून मोजलं. "नऊ महिने."

"वजन?"

"पाव किलो."

"फारच अशक्त आहे," असं म्हणून त्यांनी कळ दाबली.

तीन रविवार गेले. हॉस्टेलच्या मेसमधून पातेलं मागून आणायचं, हळद शिजवायची, कच्ची एका डब्यात आणि शिजलेली दुसऱ्यात, दोन्ही दिवसभर एकाच खोलीत ठेवायची, कारण गरम पाणी जास्त हिंडतं आणि त्याने मोजमाप चुकतं. सगळं जपून केलं. पण कच्च्या हळदीचा आकडा आणि शिजलेल्या हळदीचा आकडा जवळजवळ सारखेच. कधी थोडा इकडे, कधी थोडा तिकडे. ज्या पद्धतीला कच्ची आणि शिजलेली हळद ओळखता येत नाही, ती माणसाच्या अंगातली गाठ काय ओळखणार.

मार्चच्या मध्याला आमच्या कामाची तपासणी होती. समितीने नकार दिला तर रुग्णांवर तपासायची परवानगी नाही, रविवारचं मशीन दुसऱ्या गटाला, आणि मला दुसरा विषय. दुसरा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरात याआधी कुणी इथवर आलेलं नव्हतं, म्हणून अडलं तर कुणाला विचारायचं हेही मला माहीत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याइतका दम आपल्यात आहे असं मला वाटेना. मी दोन दिवसांची सुट्टी काढली आणि गावी गेले. काम सोडून द्यायचं असं ठरवूनच गेले होते, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

वावरात दोन्ही कढया चढलेल्या होत्या. काकी पऱ्हाट्या सारत होती. मला बघून म्हणाली, "आली का शास्त्रज्ञ बाई. तोंड काहून उतरलंय?"

मी सांगितलं. हळदीचं सांगितलं तेव्हा दोघांनाही मौज वाटली.

"कशात शिजवली?"

"पातेल्यात."

"किती येळ?"

"पाऊण तास. घड्याळ लावून."

"घड्याळ लावून हळद शिजवली म्हंते," थावराकाका कढईला म्हणाले.

"आन काय काय टाकलं पातेल्यात?" काकीने विचारलं.

"आबांनी पाठवली तीच. हळकुंडं होती, गड्डे होते."

काकीचा हात थांबला. "दोन्ही? एकाच भांड्यात?"

"हो."

तिने काकांकडे पाहिलं. "ऐकून राहिले का? पुण्याला जाऊन गड्डे आन हळकुंडं एका कढईत घातली हिनं." मग माझ्याकडे वळून, "अगं, मोडणी कशापायी करतो आमी? हळकुंड शिजून पार पिठूळ हुतं तवर गड्डा आतून कच्चाच राहतो. तुझं निम्मं शिजलेलं, निम्मं कच्चं. आन तू समद्याची मिळून एकच चव सांगून राहिली."

मी लहानपणापासून ते दोन ढीग बघत आले होते. त्यांच्या मधून वाट काढत शाळेला गेले होते. घाईत, पुण्याच्या खोलीत, ते दोन ढीग मी एका पातेल्यात ओतले. आणि नुसतं एवढंच नाही. यंत्राने मला डब्यातल्या ठिकठिकाणचं वेगवेगळं दाखवलं होतं, मीच त्या सगळ्याची सरासरी काढून एक आकडा केला होता. माणसाच्या गाठीतही असंच असतं. एका बाजूला औषध पोचलेलं, दुसऱ्या बाजूला नाही. सगळ्याची सरासरी काढली की काहीच झालं नाही असं वाटतं. हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. पण मला ते कळलं त्या चुलीपाशी उभं राहून, शिव्या खाताना.

दुसऱ्या दिवशी काकीने फक्त हळकुंडांची कढई लावली, काकांनी फक्त गड्ड्यांची. दर थोड्या वेळाने झाऱ्याने दोन-दोन कंद काढायचे आणि मी त्यांवर आकडे लिहायचे. घड्याळ काकीने काढून ठेवायला लावलं. फेस कसा येतो, वाफेचा वास कधी बदलतो, गवताची काडी कंदात किती जाते, हे ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. दुपारून गड्डे संपले तसे काकांनीही हळकुंडं चढवली. मायने सगळे कंद ओल्या फडक्यात आणि हळदीच्या पानांत गुंडाळून दिले. परभणीहून पुण्यापर्यंत गाडीत ते गाठोडं माझ्या मांडीवर होतं. समोरच्या बाई विचारत होत्या की कुणाचं लग्न आहे.

त्या रविवारचं चित्र मी कधी विसरणार नाही. अडलेल्या पाण्याला आम्ही निळा रंग दिला होता आणि मोकळ्या पाण्याला लाल. हळकुंडं ओळीने निळ्यापासून लालाकडे सरकत गेली होती. आणि गड्डा! बाहेरून लाल कडं, आत गर्द निळा गाभा. काकी जे न बघता सांगत होती ते पडद्यावर होतं. मॅडम वाकून बघत होत्या. कुलकर्णी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "पेशंटची प्रकृती सुधारतेय."

फक्त सहावं हळकुंड चुकीचं होतं. ते पाचव्याहून जास्त शिजलेलं, म्हणजे जास्त लाल असायला हवं होतं. पण त्याचा गाभा निळा राहिला होता. पुन्हा चित्र घेतलं, तरी तसंच. तपासणीच्या दिवशी समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. "हे असं का?"

नमुना खराब होता, असं म्हणता आलं असतं. तसं म्हणण्याचा मोह झाला. पण मला ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही सर."

ते म्हणाले, "पद्धत चुकली असेल तर रुग्णाच्या बाबतीतही ती अशीच चुकेल. कारण शोधा, मग परवानगीचं बघू. महिनाभर देतो." बाहेर आल्यावर मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि म्हणाल्या, "बरं केलंस." त्या दोन शब्दांचं मोल तेव्हा मला कळलं नाही. आता मी स्वतः मुलांना शिकवते, तेव्हा कळतं.

पाडव्याच्या आधी पुन्हा गावी गेले. शेवटच्या कढया लागलेल्या होत्या. चित्राची रंगीत प्रत बरोबर नेली होती. सहाव्याबद्दल मी मुद्दाम काही बोलले नाही. एवढंच सांगितलं, की निळं म्हणजे कच्चं आणि लाल म्हणजे शिजलेलं.

काकीने हात पुसले, कागद लांब धरला आणि एकेका हळकुंडावरून बोट फिरवत गेली. ती शाळेत गेलेली नव्हती, आकड्यांकडे तिने बघितलंही नाही. पहिलं, दुसरं, पाचवं. बोट थांबलं.

"हे माझ्या हातचं न्हाई."

"मग?"

"ह्यांच्या कढईतलं हाय हे."

"माझ्यावर काहून?" थावराकाका उठून आले.

"मी पऱ्हाट्या आनाया गेल्ते तवा ह्या पोरीनं झारा मागितला, तुमी दिला. तुमच्या चुलीत वली पऱ्हाटी हुती त्या दिशी. नुसता धूर, जाळ कुठं हुता? येळ बराबर झाला, पर हळद आत शिजलीच न्हाई."

काकांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. बराच वेळ बघितला. "व्हय," ते म्हणाले. "वली हुती."

त्या दिवशी मी खाली मान घालून आकडे लिहीत होते. झारा कुणाच्या कढईतून आला हे मी पाहिलंच नव्हतं. यंत्राने पाहिलं होतं. मला माहीत नसलेली गोष्ट माझ्या पद्धतीने खरी सांगितली होती, आणि मी तिलाच चुकीची समजत होते.

नुसत्या सांगण्यावर अहवाल लिहिता येत नाही, म्हणून काकांना मुद्दाम पाणी मारलेल्या पऱ्हाट्यांवर हळकुंडांचा एक लहान घाणा लावायला लावला. "जिंदगीत पयल्यांदा कोन्ही म्हनलं, थावरा, हळद कच्ची ठेव," असं ते धुरात डोळे पुसत पुटपुटत होते. ती हळद पुण्याला नेली आणि गाभा पुन्हा तसाच निळा आला. अहवालात मी काकीचा आणि काकांचा उल्लेख 'हळद शिजवणारे मदतनीस' असा केला होता. मॅडमनी 'मदतनीस' खोडून 'तज्ज्ञ' लिहिलं. परवानगी त्या महिन्याच्या शेवटी आली.

हळद म्हणजे गाठ नव्हे. माणसाच्या अंगात श्वास आहे, रक्त आहे, भीती आहे, आणि त्या सगळ्याने चित्र हलतं. पुढची तीन वर्षं आम्ही त्याच्याशी झगडत होतो. पहिली काही वर्षं तर आमच्या चित्रावरून कुणाचं औषध बदलायची मुभाही नव्हती, नुसतं बघायचं आणि लिहून ठेवायचं. मला आजही कुणी विचारलं की तुमच्या कामाने किती जण बरे झाले, तर मी आकडा सांगत नाही. काम अजून चालू आहे, एवढंच खरं सांगता येतं.

पण ती दुपार आठवते. थावराकाका ओल्या पऱ्हाट्यांशी भांडत होते आणि काकी माझ्याजवळ बांधावर टेकली होती. चित्र अजून तिच्या मांडीवर होतं.

"माझ्या वक्ताला हे असतं तर?" तिने विचारलं.

खोटा दिलासा द्यायचा नव्हता, आणि खरं सांगायलाही जड जात होतं. "मशीन होतं काकी, मोठ्या शहरांत. पण असं बघायचं आपल्याकडे कुणाला जमत नव्हतं. जमलं असतं तर कदाचित दुसऱ्या सुईलाच कळलं असतं, की हे औषध लागू पडत नाही."

"म्हंजे चार सुया वाचल्या असत्या."

"हो."

"दर सुईला तीन दिस मी पडून ऱ्हायची." ती बोटांवर मोजत होती. "बारा दिस."

मला वाटलं ती रडेल. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती त्या बारा दिवसांचा तिच्या पद्धतीने विचार करत होती.

"बारा दिसांत एका अख्ख्या वावराची हळद शिजून वाळाया पडती, रेखे," ती म्हणाली. "कुन्या बाईचे तेवढे दिस वाचले, तरी लई झालं."

मग कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला. तिच्या कढईला फेस यायला लागला होता, ती उठून गेली.